भागीदार म्हणायचे आणि पुरवठादाराचा फॉर्म पुढे करायचा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या संशोधन प्रस्तावांत 'लोकसंस्थांचा सहभाग' हा रकाना आता हमखास असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडलेल्या शिक्षणाचा आग्रह आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली, आणि उन्नत भारत अभियानात शिक्षणसंस्थेने किमान पाच गावांशी काम करायचे असते. त्यामुळे रकाना भरला जातो. कुठे स्वयंसेवी संस्थेचे नाव येते, कुठे बचतगटांच्या संघाचे, कुठे ग्रामसभेचे. प्रस्ताव मंजूर होतो आणि मग कित्येक महिने काहीच हलत नाही. प्राध्यापक म्हणतात, लेखा विभाग अडवतो. लेखा विभाग म्हणतो, कागद नाहीत. संस्था म्हणते, आम्हाला कोणी सांगितलेच नाही. तिघेही खरे बोलत असतात.

कागद फार आहेत, ही आमची तक्रार नाही. बहुतेक कागदांमागे कारण आहे, आणि काहींमागे कटू इतिहास आहे. खरी अडचण अशी की विद्यापीठाच्या कारभारात बाहेरच्या माणसाला दोनच जागा आहेत. एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, तो 'सहभागी व्यक्ती', म्हणजे ज्याच्याविषयी संशोधन व्हायचे तो. लेखा विभागापुढे तो 'पुरवठादार', म्हणजे टोनर आणि खुर्च्या देणाऱ्याच्या रांगेतला. सोबत संशोधन करणाऱ्यासाठी तिसरी जागाच नाही. मग प्रत्येक संस्थेला या दोहोंपैकी एकीत कोंबले जाते आणि भलत्या वेळी भलते कागद मागितले जातात.

म्हणून पहिला कागद सामंजस्य करार नसावा. प्रस्ताव पाठवण्याआधी एका पानाचे भूमिकापत्रक करावे, म्हणजे संस्था या संशोधनात नेमके काय करणार याची नोंद. पुढचे सगळे कागद त्यावरून ठरतात. संस्था फक्त सभागृह देणार, बैठक बोलावणार, पत्रक लावणार असेल, तर तिच्या लेटरहेडवरचे परवानगीपत्र पुरे. तिच्याकडे प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मागण्यात अर्थ नाही. इच्छुकांची नावे संशोधकापर्यंत पोहोचवणार असेल, तर 'तुमचा नंबर अमुक विद्यापीठाला देऊ का' हे कोणत्या शब्दांत विचारायचे तो मजकूर एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. संस्थेची कार्यकर्ती स्वतः संमती घेणार, मुलाखत घेणार, मुलांची वजन-उंची मोजणार, नावानिशी भरलेले फॉर्म हाताळणार असेल, तर ती संशोधन पथकाचा भाग झाली. मग तिचे नाव आणि काम प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे समितीने मंजूर केलेल्या संशोधन आराखड्यात, हवे, नीतिविषयक प्रशिक्षणाची नोंद हवी, गोपनीयतेचे हमीपत्र हवे. आणि प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत संस्था सोबत असेल, तर तिचा प्रतिनिधी सह-संशोधक म्हणून पहिल्या पानावर हवा, अंदाजपत्रकात तिचा भाग वेगळा हवा, आणि माहितीवर व लेखनावर कोणाचा किती हक्क हे आधीच लिहिलेले हवे.

सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या भूमिकेच्या, म्हणजे नावे पोहोचवणे आणि स्वतः माहिती गोळा करणे यांच्या, सीमेवर होतो. प्रस्तावात लिहिलेले असते 'संस्था गावात प्रवेश मिळवून देईल'. प्रत्यक्षात प्रकल्प सहायक सोडून जातो, पावसाळा तोंडावर येतो, आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा संस्थेच्या कार्यकर्तीच्या हातात पडतो. तिचे काम अनेकदा सहायकापेक्षा चांगले होते, पण मंजुरीत तिचे नाव नसते. समितीच्या दृष्टीने हे प्रोटोकॉलचे उल्लंघन आहे, आणि ती माहिती विश्लेषणातून वगळण्याची पाळी येऊ शकते. यावरचा उपाय अर्ध्या पानाचा दुरुस्ती अर्ज एवढाच आहे. जोखीम वाढत नसेल तर असा अर्ज पूर्ण बैठकीची वाट न पाहता शीघ्र पुनरावलोकनात निघू शकतो. तो काम सुरू करण्याआधी द्यायचा असतो, एवढेच लोक विसरतात.

आशा आणि अंगणवाडी सेविकांचा मुद्दा वेगळा आहे. गावात सगळ्यांना ओळखणारी म्हणून संशोधक पहिले तिच्याकडे जातात आणि तिलाच 'सामुदायिक भागीदार' म्हणतात. पण ती शासनाच्या यंत्रणेत काम करते. आशांसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची आणि अंगणवाडीसाठी महिला व बालकल्याण विभागाची लेखी परवानगी घ्यावी. शाळांच्या बाबतीतही मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नये. जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आधी घ्यावे. शिवाय ज्या बाईच्या हातून गरोदर स्त्रीला सरकारी लाभ मिळतो, तिनेच संशोधनाची संमती घेतली तर नकार द्यायला जीभ रेटत नाही. संमती दुसऱ्याने घ्यावी आणि तिने फक्त ओळख करून द्यावी, हे बरे.

आता एथिक्स कमिटीविषयी. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार अशा समित्यांना आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. समितीत सात ते पंधरा सदस्य, निम्मे तरी बाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा आणि सदस्य सचिव संस्थेतला, अशी रचना आहे. बैठकीला किमान पाच जण लागतात आणि त्यांत एक तरी बाहेरचा असावा लागतो. समितीत एक सामान्य नागरिकही असतो. तो मराठी माहितीपत्रक वाचून 'मला हे कळले नाही' असे म्हणू शकणारा असावा ही अपेक्षा. व्यवहारात ती खुर्ची अनेकदा निवृत्त प्राचार्यांकडे जाते. परदेशी निधी किंवा परदेशी सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाला याशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि तिचा वेळ वेगळा धरावा लागतो. ज्या सामाजिक संशोधनाचा आरोग्याशी संबंध नाही त्याला हे औषध नियम लागू होत नाहीत, पण म्हणून समितीकडे न जाणे शहाणपणाचे नाही. नंतर नियतकालिक मंजुरीचा क्रमांक मागते आणि तो मागच्या तारखेने मिळत नसतो.

समाजातल्या प्रमुख व्यक्तीची परवानगी आणि प्रत्येक माणसाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयसीएमआरची तत्त्वे हे स्पष्ट सांगतात: सरपंच, मुखिया, संस्थाचालक यांचा होकार वैयक्तिक संमतीची जागा घेत नाही. हे तत्त्व कागदावरच राहिले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची प्रतिबंधक लस, देण्याचा प्रकल्प सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात ज्या गोष्टींवर बोट ठेवले, त्यांत आश्रमशाळा-वसतिगृहांच्या अधीक्षकांनी पालकांऐवजी संमतीपत्रांवर केलेल्या सह्या होत्या. मुलींपर्यंत पोहोचण्यासाठी संस्था सोयीची होती, आणि तीच सोय संमतीच्याही कामी लावली गेली. आज एखादी समिती वसतिगृहातील अभ्यासासाठी पालकांच्या वेगळ्या सहीचा हट्ट धरते, तेव्हा संशोधकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: सात ते अकरा वयात तोंडी, बारापासून अठरापर्यंत लेखी.

संमतीपत्राचे मराठी हा भागीदार संस्थेचा सर्वांत मोठा उपयोग, आणि तोच सर्वांत कमी केला जातो. 'सदर संशोधनामध्ये स्वेच्छेने सहभाग नोंदविण्यास माझी हरकत नसून त्यातील संभाव्य जोखमींची मला पूर्णतः जाणीव करून देण्यात आलेली आहे' असे वाक्य मंजूर होऊन येते आणि वस्तीत वाचले की समोरची बाई सही करून मोकळी होते. संस्थेच्या दोघी-तिघींनी मसुदा मोठ्याने वाचावा, अडेल तिथे त्यांच्या शब्दांत लिहावे, आणि हे सारे समितीकडे फाइल जाण्यापूर्वी करावे. मंजुरीनंतर एक वाक्य बदलले तरी नवी आवृत्ती, नवी तारीख आणि पुन्हा अर्ज. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख घालायची सवय लावली तर जुनी झेरॉक्स वापरल्याचा घोटाळाही टळतो. झेरॉक्सचा जुना गठ्ठा संस्थेच्या कपाटात पडून असतोच. नवी आवृत्ती देताना तो परत घ्यावा.

अंगठा घेताना निःपक्ष आणि साक्षर साक्षीदार लागतो. पथकातलीच व्यक्ती साक्षीदार झाली तर ती निःपक्ष राहत नाही. भागीदार संस्थेची पगारी कार्यकर्ती जर संशोधनात मानधन घेत असेल तर तीही नाही. आणखी एक गोष्ट संमतीपत्रांत सर्रास चुकते: 'आपण दिलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत कोणालाही सांगितली जाणार नाही'. असे वचन देता येत नाही. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग कळलेली व्यक्ती संशोधक असो वा संस्थेची कार्यकर्ती. हा अपवाद संमतीपत्रात लिहावा, मुलाखत सुरू होण्याआधी सांगावा, आणि तसे काही समोर आले तर पहिला फोन कोणी कोणाला करायचा हे भूमिकापत्रकातच ठरवावे.

पैशांकडे वळू, कारण बहुतेक भागीदाऱ्या तिथेच मोडतात.

संस्थेला पैसे देण्याचे तीन सरळ मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळता येत नाहीत. पहिला, निधी देणाऱ्या यंत्रणेच्या मंजुरीपत्रातच संस्था सहभागी संस्था म्हणून असते आणि तिचा हप्ता थेट तिच्या खात्यात येतो. दुसरा, पैसे विद्यापीठाकडे येतात आणि उपकरारातून संस्थेकडे जातात. तिसरा, संस्था ठरलेली सेवा देते आणि बिल लावते. पहिला मार्ग सर्वांत स्वच्छ, पण त्यासाठी प्रस्ताव लिहितानाच संस्थेचे कागद तयार असावे लागतात. म्हणून घाईत तो टाळला जातो. तिसरा सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त त्रास देतो. सेवा म्हटले की लेखा विभाग तीन कोटेशन मागतो. सहा वर्षे त्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला पर्यायी दोन संस्था कुठून आणायच्या? मग ओळखीच्या दोन संस्थांची चढ्या दराची कोटेशने 'मिळवली' जातात, म्हणजे प्रामाणिक कामाला खोट्या कागदाची जोड दिली जाते. याची गरज नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लासेवेसाठी नियम १९४ आणि इतर सेवांसाठी नियम २०४ नामनिर्देशनाने, म्हणजे कोटेशन न मागवता थेट, निवड करण्याची वाट देतात. मुख्य अट: तीच संस्था का, याची सकारण टिपणी आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. ती टिपणी प्रस्तावासोबतच लिहून ठेवली, आणि मंजूर प्रस्तावात संस्थेचे नाव असले, तर लेखापरीक्षक सहसा पुढे विचारत नाही. राज्याच्या निधीसाठी राज्याचे खरेदी नियम पाहावे लागतात, पण तिथेही टिपणी आधी आणि खर्च नंतर हाच क्रम.

पुरवठादाराच्या जागेत बसवण्याचा दुसरा परिणाम आगाऊ रकमेवर होतो. त्याच वित्तीय नियमांतील नियम १७२ प्रमाणे खासगी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम साधारणतः तीस टक्क्यांपर्यंतच आणि तीही बँक हमीसारख्या तारणावर. वस्तीतल्या छोट्या संस्थेकडे बँक हमी कुठली? मग 'आधी खर्च करा, पावत्या लावा, परतफेड घ्या' अशी व्यवस्था होते. चार कार्यकर्त्यांचे तीन महिन्यांचे मानधन आणि प्रवास संस्था पदरचा घालते, बिल मार्चअखेरीस अडकते, आणि मे महिन्यात कार्यकर्त्या दुसरे काम धरतात. पाहणीसाठी ठरलेल्या लोकांचा नमुना अर्धाच भरतो, तो लोकांच्या उदासीनतेमुळे नव्हे. सहभागी संस्था म्हणून उपकरार केला असेल तर हप्ते ठरवता येतात: पहिला करारावर सही झाल्यावर, दुसरा पहिल्या हप्त्याच्या खर्चाचे विवरण आल्यावर, शेवटचा छोटा अहवालावर. हे वेळापत्रक करारात लिहिले नाही तर लेखा विभाग आपले नेहमीचे वेळापत्रक लावणारच.

परदेशी निधीची गोष्ट अजून निराळी. पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या, नोंदणीखाली आले असतील तर सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून ते दुसऱ्या कोणत्याही संस्थेला हस्तांतरित करता येत नाहीत, घेणाऱ्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. आजही प्रस्ताव लिहिताना परदेशी विद्यापीठे 'मुख्य संस्था आणि तिच्या उपसंस्था' असा साचा पाठवतात आणि इकडे तो तसाच भरला जातो. मंजुरीनंतर कळते की संस्थेचा वाटा देताच येत नाही. मग उपअनुदानाला सेवेच्या बिलाचा मुखवटा चढवला जातो, आणि हे धोक्याचे आहे. नोंदणी जाऊ शकते. खरोखरीची सेवा असेल तर तिचे बिल, काम झाल्याचा पुरावा आणि बाजारभावाशी जुळणारा दर हवा. भागीदारी असेल तर देणगीदाराने संस्थेला तिच्या स्वतःच्या एफसीआरए खात्यात थेट पैसे द्यावेत, तेही तिची नोंदणी असल्यासच. नोंदणी नसलेल्या संस्थेसाठी त्या निधीतून भागीदारी आखूच नये.

संस्थेचे स्वतःचे कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, निती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन निधीवाटप व्यवस्थेतली नोंदणी, रद्द केलेला धनादेश आणि अमुक व्यक्तीने करारावर सही करावी असा कार्यकारिणीचा ठराव. ही यादी सगळ्यांना माहीत असते. जे माहीत नसते ते असे: महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त कोण, हे धर्मादाय कार्यालयाच्या शेड्यूल वनवर, म्हणजे न्यासाच्या तिथल्या अधिकृत नोंदीवर, ठरते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. तो दिला तरी निकाल लागायला वेळ जातो. परिणामी शेड्यूल वनवर दिवंगत अध्यक्षांचे नाव आणि करारावर नव्या अध्यक्षांची सही, अशी स्थिती अनेक चांगल्या संस्थांची आहे. विद्यापीठाचा विधी अधिकारी ते पाहतो आणि फाइल परत पाठवतो. अशा वेळी प्रलंबित चेंज रिपोर्टची पोच, ठरावाची प्रत, आणि शेड्यूल वनवर अजून नाव असलेल्या एखाद्या हयात विश्वस्ताची सोबत सही, एवढ्यावर मार्ग निघू शकतो. ही अडचण संस्थेने लपवू नये. पहिल्याच बैठकीत सांगावी. करारासाठीचा शंभर रुपयांचा मुद्रांकही ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, आता पाचशेचा लागतो. जुन्या स्टॅम्पवर टंकलेले करार परत आले की पुन्हा सह्यांची फेरी.

नोंदणी नसलेल्या गटांचे काय? बचतगट, वस्तीतले मंडळ, कष्टकऱ्यांचा अनौपचारिक गट यांच्याशी उपकरार करता येत नाही, पण त्यांच्या सदस्यांना व्यक्तिशः मानधन देता येते. इथे बँकेच्या छोट्या गोष्टी आडव्या येतात. पीएफएमएसवर नाव खात्याप्रमाणे जुळावे लागते. आधारवर सासरचे आणि पासबुकावर माहेरचे नाव असेल तर पैसे परत येतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखेचा आयएफएससी क्रमांक बदललेला असतो आणि जुने पासबुक आधीचाच दाखवत राहते. पूर्ण केवायसी नसलेल्या 'लघु खात्या'तून महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाहीत. करकपात लागू होण्याइतकी रक्कम असेल आणि पॅन नसेल तर कपात वीस टक्क्यांची. म्हणून मानधन सुरू होण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांच्या पासबुकांच्या पहिल्या पानाच्या प्रती घेऊन एक रुपयाची चाचणी रक्कम पाठवून पाहावी. हे काम कारकुनी वाटते, पण पहिल्या महिन्याचे पैसे बुडाले की वस्तीत विद्यापीठाची पत जाते आणि त्याचा फटका पुढच्या तीन प्रकल्पांना बसतो.

माहितीच्या मालकीबद्दल करारात सहसा एकच ओळ असते: 'सर्व डेटा विद्यापीठाच्या मालकीचा राहील'. ती खोडून तिथे तपशील लिहावा. कच्चे फॉर्म कुठे राहतील, नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी कोणाकडे, संस्थेला कोणत्या स्वरूपात प्रत मिळेल, अहवाल छापण्यापूर्वी तिला वाचायला किती दिवस, तिचे मतभेद कुठे नोंदवले जातील. संमतीपत्रे आणि भरलेल्या प्रश्नावल्या एकाच फाइलमध्ये ठेवू नयेत, आणि फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे पहिल्या दिवशीच बंद करावे. पन्नास उंबऱ्यांच्या गावात नाव काढले म्हणून कोणी अनामिक होत नाही. 'बेचाळीस वर्षांची विधवा, अंगणवाडी मदतनीस' एवढे लिहिले तरी अख्खे गाव ओळखते. हे विद्यापीठातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, संस्थेच्या माणसाच्या येते. मसुदा आधी वाचायला द्यायचा तो यासाठीही.

संस्थेची लाभार्थी यादी नमुना म्हणून वापरणे हाही नेहमीचा प्रकार. ते फोन नंबर लोकांनी शिलाई मशीनच्या योजनेसाठी दिलेले असतात, संशोधनासाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संशोधनाला या कायद्यात सवलत आहे, पण ती सरसकट नाही: त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची. संस्था त्याच यादीवरून पुढचे लाभार्थी निवडणार असेल तर सवलतीची पहिली अटच मोडते. उरलेले रक्ताचे नमुने किंवा जुन्या मुलाखती पुढच्या अभ्यासाला वापरायच्या असतील तर तेही संमतीपत्रात वेगळ्या चौकटीत विचारावे. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने हवासुपाई जमातीचे मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतलेले नमुने इतर संशोधनाला वापरले. ते प्रकरण २०१० मध्ये सात लाख डॉलर देऊन मिटवावे लागले.

ग्रामसभेबद्दल थोडक्यात. सरपंचांचे पत्र म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार असलेल्या आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात काम असेल तर विषय ग्रामसभेच्या बैठकीत मांडावा, ठरावाची इतिवृत्तासह प्रत घ्यावी आणि त्यासाठी दोन महिने धरावेत. पहिल्या सभेत गणसंख्या भरेलच असे नाही. औषधी वनस्पती, बियाणे आणि त्यांच्याशी जोडलेले पारंपरिक ज्ञान हा विषय असेल आणि सोबत परदेशी सहसंशोधक किंवा पुढे पेटंटचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा २००२ आणि त्याची २०२३ ची दुरुस्ती लागू होते. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जावे लागते. गावाने आपल्या वनस्पती, प्राणी आणि ज्ञानाची केलेली नोंद, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही, तिची पाने फोटो काढून नेण्यासाठी नसतात.

प्रकल्प संपतानाचे कागदही आधीच ठरवावेत. केंद्रीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामासाठीच खर्चले याचा दाखला, १२-ए नमुन्यात विद्यापीठाला द्यावे लागते, आणि संस्थेचे विवरण त्यात मिळवावे लागते. म्हणून संस्थेने प्रकल्पाचे खाते वेगळे ठेवावे आणि अनुदानावरचे व्याज खर्चात धरू नये, ते सरकारजमा करायचे असते. एथिक्स कमिटीच्या नोंदी अभ्यास संपल्यावर किमान तीन वर्षे जपायच्या. भाड्याच्या खोलीत चालणाऱ्या संस्थेवर ही जबाबदारी टाकू नये, मूळ कागद विद्यापीठाने ताब्यात घ्यावेत. निष्कर्ष लोकांना सांगण्याची बैठक अंदाजपत्रकात मंडप, प्रवास, छपाईसह लिहिलेली असावी, नाहीतर ती होत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठांत संशोधन मंडळ आहे आणि आजीवन अध्ययन व विस्तार मंडळही आहे. दोन्ही मंडळांनी एकत्र बसून तीन गोष्टी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे: भूमिकापत्रकाचा नमुना, सहभागी संस्थेसोबतच्या उपकराराचा मराठी मसुदा, आणि भूमिकेनुसार लागणाऱ्या कागदांची यादी, ज्यात प्रत्येक कागदापुढे तो कोण तपासणार आणि किती दिवसांत, हे लिहिलेले असेल. त्या बैठकीला वित्त व लेखा अधिकारी, विधी अधिकारी, एथिक्स कमिटीचे सदस्य सचिव आणि दोन-तीन लोकसंस्थांचे हिशेबनीस यांना बोलवावे. संस्थांचे अध्यक्ष बोलवले तर भाषणे होतील. हिशेबनीस आले तर कोणता कागद कुठे अडतो ते कळेल.

आपले,
विद्यापीठीय संशोधन प्रशासन आणि स्वयंसेवी संस्थांत काम करणारे काही वाचक